रामेश्वरला चार रात्री: यात्रेच्या शेवटी समुद्राकाठी निवांत राहायचं असेल तर

पहिल्या वेळी मी रामेश्वर 'केलं'. टूरच्या बसनं पहाटे साडेचारला उतरवलं आणि दुपारी तीनला परत चढवलं. मधल्या साडेदहा तासांत समुद्रस्नान, बावीस कुंडं, दर्शन, धनुष्कोडी, जेवण आणि शंखांची खरेदी. परतताना बस पांबनच्या पुलावर आली तेव्हा दोन्ही बाजूंना निळा समुद्र होता आणि आत चाळीस माणसं तोंड उघडं टाकून झोपली होती. त्यांत मीही.

दुसऱ्यांदा गेले ती सासूबाईंना घेऊन, आणि चार रात्री राहिले. आईंची काशी आधीच झाली होती, गंगेचा गडू दोन वर्षं देवघरात वाट बघत बसला होता. त्या मुक्कामात जे समजलं ते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे. माझं म्हणणं थोडकंच आहे: देवाचं सगळं पहिल्या सकाळी मनापासून करून टाका, आणि पुढचे दिवस समुद्राला द्या. तीन रात्री तरी हव्यातच. चार मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

महिना ठरवताना दिवाळी विसरा

आपल्याकडे दिवाळीची सुट्टी म्हणजे निरभ्र आकाश, कोरडी हवा. तिथं नेमकं उलट. तमिळनाडूच्या या किनाऱ्याला खरा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. बंगालच्या उपसागरातली वादळंही बहुतेक याच दिवसांत येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात आरक्षण करून समुद्राकाठच्या खोलीत चार दिवस गजांतून पाऊस बघत बसलेले लोक मला माहीत आहेत. पाऊस आवडत असेल तर तेही वाईट नाही म्हणा.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाचे काळ्या कपड्यांतले भाविक येता-जाता रामेश्वर करतात, त्यामुळे देवळात रांगा वाढतात. अमावास्या सगळ्याच गर्दीच्या. त्यातही तमिळ पंचांगातल्या आडी आणि तै महिन्यांच्या अमावास्या आणि आपली सर्वपित्री, या दिवशी पितरांच्या तर्पणासाठी अख्खा तमिळनाडू किनाऱ्यावर उतरलेला असतो. तुम्हाला तर्पणच करायचं असेल तर जरूर जा. विश्रांतीसाठी जाणार असाल तर पंचांग बघून हे दिवस टाळा. महाशिवरात्रीचंही तेच.

उरतो तो जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला पंधरवडा. ऊन सोसवतं, वारा असतो आणि खाडीत पाहुणे पक्षी असतात. एप्रिल-मे म्हणजे घामाच्या धारा. मुलांच्या सुट्टीमुळे तेव्हाच जाणं भाग असेल तर खोली वातानुकूलित घ्या आणि अकरा ते चार बाहेर पडू नका.

गडू आणि वाळू

काशी-रामेश्वर हे जोडनाव आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यातला क्रम घरातल्या तरुणांना बहुधा ठाऊक नसतो. जुनी रीत अशी: आधी रामेश्वरला येऊन सेतूची वाळू घ्यायची, ती प्रयागला संगमात सोडायची, काशी करायची, आणि तिथली गंगा आणून रामेश्वराला घालायची. म्हणजे सुरुवातही इथं, शेवटही इथंच. पायी जाण्याच्या काळात यात वर्ष सहज जाई. नाथमहाराजांनी खांद्यावरच्या कावडीतलं काशीचं पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं ती गोष्ट याच वाटेवरची, आणि रामेश्वर तिथंच पावला असं ते म्हणाले. त्यामुळे तुमचा क्रम उलटासुलटा झाला तरी मनाला लावून घेऊ नका.

गंगाजल न्यायचं तर तांब्याच्या किंवा पितळेच्या गडूतून न्या. लोखंडी-पत्र्याच्या डब्यातलं पाणी अभिषेकाला चालवून घेत नाहीत, आणि ऐन वेळी तिथं गडू शोधत फिरण्यात अर्थ नाही. विमानानं जाणार असाल तर गडू हातातल्या पिशवीत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत अडेल. कपड्यांत गुंडाळून सामानात टाका. अभिषेकासाठी देवळाच्या कार्यालयात शुल्क भरून पावती घ्यायची. आदल्या संध्याकाळीच चौकशी केली तर सकाळची धावपळ वाचते.

पोचताना पूल दिवसा येईल असं बघा

रामेश्वर हे बेट आहे, हे नकाशात माहीत असतं पण पूल ओलांडल्याशिवाय पटत नाही. जवळचा मोठा विमानतळ मदुराईचा, तिथून रस्त्यानं सुमारे १७० किलोमीटर, साडेतीन-चार तास. महाराष्ट्रातून रेल्वेनं येणाऱ्यांनाही मदुराईला उतरणं सोयीचं. मीनाक्षीचं दर्शन आणि एक रात्र तिथं, मग पुढं. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून रात्रीच्या गाड्या थेट रामेश्वरला येतात. त्यातल्या एकीला जुने लोक अजून 'बोट मेल' म्हणतात. का, ते धनुष्कोडीच्या वेळी सांगते.

रेल्वेचा जुना पूल १९१४ सालचा, दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांब. जहाज आलं की मधले दोन पाखे जोडलेले हात सुटावेत तसे वर उघडायचे. गंजानं जेरीस आलेला तो पूल २०२२च्या डिसेंबरात गाड्यांसाठी बंद झाला आणि शेजारी नवा उभा राहिला. ६ एप्रिल २०२५ला, रामनवमीच्या दिवशी, तो सुरू झाला. याचा मधला ७२.५ मीटरचा गाळा लिफ्टसारखा आडवाच्या आडवा वर जातो. देशातला असा हा पहिलाच पूल. जुना पूल बंद होता त्या काळात गाड्या अलीकडेच थांबायच्या. त्यामुळे इंटरनेटवरचे जुने लेख वाचून पुलाअलीकडच्या मंडपमला उतरायचं ठरवू नका, गाडी कुठवर जाते ते आरक्षण करताना बघून घ्या. वारा फार असला की पुलावर गाड्या रोखतात, तेव्हा परतीच्या दिवशी गाडी आणि पुढचं विमान यांच्यात दोन-तीन तासांची फट ठेवू नका, जास्त ठेवा.

रस्त्याचा पूल १९८८चा आणि चांगला उंच. त्यावरून खाली रेल्वेचा पूल, कोळ्यांच्या रंगीत होड्या आणि दोन्हीकडचं पाणी एकदम दिसतं. सगळे तिथंच गाड्या थांबवतात आणि पोलीस तिथंच शिट्ट्या मारतात. ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांगा, तेवढं पुरतं. पोचायची वेळ अशी निवडा की पूल उजेडात येईल.

पहिली रात्र देवळाला चिकटून

इथं एक युक्ती सांगते, जी आम्हाला फार उपयोगी पडली: मुक्काम दोन ठिकाणी करा. पहिली रात्र देवळाच्या अगदी जवळ, उरलेल्या रात्री गावाबाहेर पाण्याकाठी. पहिल्याच दिवशी समुद्राकाठच्या लांबच्या हॉटेलात उतरलात आणि पहाटे चारला रिक्षा शोधत बसलात, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

देवळाच्या चारी बाजूंना धर्मशाळा, मठ, लॉज यांची रेलचेल आहे. देवस्थानच्याही खोल्या आहेत. राज्य पर्यटन महामंडळाचं 'हॉटेल तमिळनाडू' अग्नितीर्थाच्या बाजूला समुद्रालगत आहे, ज्यांना हलायचंच नाही त्यांनी तिथं सगळ्या रात्री काढाव्यात. धर्मशाळा निवडताना मी तीनच गोष्टी विचारते. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टनं पोचण्याजोगी आहे का, कमोड आहे का, आणि पहाटे फाटक उघडतं का. तिसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आमच्या शेजारच्या कुटुंबाला रखवालदार उठेपर्यंत अर्धा तास आत अडकून राहावं लागलं होतं.

रेल्वे स्टेशन आणि बसस्टँड दोन्ही देवळापासून चालत जाण्याजोगे नाहीत, म्हणजे सामान घेऊन तरी नाहीत. रिक्षा मीटरवर चालत नाहीत. आधी भाडं ठरवा, आणि 'अण्णा' म्हणून ठरवा. अण्णा, अक्का हे शब्द आपल्याकडेही तेच, त्यामुळे जीभ अडखळत नाही. 'वेंडाम' म्हणजे नको, 'पोदुम' म्हणजे पुरे, 'तण्णी' म्हणजे पाणी. एवढ्यावर आमचे चार दिवस निभावले. हिंदी देवळाच्या परिसरात चालते, बाहेर फारशी नाही.

ती एक सकाळ

पहाटे पाचच्या सुमारास स्फटिकलिंगाचं दर्शन असतं, मणिदर्शन म्हणतात त्याला. त्याचं वेगळं तिकीट आणि वेगळी रांग. हे कोरड्या कपड्यांत करायचं, म्हणून आधी हे. त्यासाठी साडेचारला रांगेत हवं. फोन आत नेता येत नाही, तो खोलीतच ठेवा. बाहेर फोन ठेवायची सोय आहे, पण तिथली रांग दर्शनाच्या रांगेइतकीच होते.

मग पूर्वेच्या गोपुरासमोरचा समुद्र, म्हणजे अग्नितीर्थ. नाव अग्नी, पाणी एखाद्या तळ्यासारखं शांत. आपल्याला समुद्रात बुडणारा सूर्य माहीत. इथं तो समोरच्या पाण्यातून वर येतो. आई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून कितीतरी वेळ नुसत्या बघत होत्या. डुबकी मारायचं विसरल्या. किनाऱ्यावर गुरुजी मागं लागतात. विधी करायचा असेल तर आधी रक्कम ठरवा, नसेल तर हात जोडून पुढं चला. अंगावरचे कपडे पाण्यात सोडायची पद्धत काही जण सांगतात. सोडू नका. तळाशी त्या ओल्या धोतर-साड्यांत पाय गुंतून माणसं पडतात.

तिथून ओलेत्यानं देवळात, बावीस तीर्थांच्या रांगेत. ही देवळाच्या आतली विहिरी-कुंडं. वर उभे असलेले सेवेकरी दोरीनं बादली शेंदतात आणि डोक्यावर ओततात. समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी गोडं, आणि एका विहिरीची चव दुसरीला नाही. पोरांना तर ही जत्राच वाटते. मोठ्यांसाठी मात्र धोका एकच: फरशी. हजारो लोकांच्या पाण्यानं ती साबण लावल्यासारखी झालेली असते आणि पायांत काही घालता येत नाही. म्हाताऱ्या माणसाचा एक हात तुमच्या हातात आणि दुसरा भिंतीला. घाई करणाऱ्यांना पुढं जाऊ द्या. सगळ्या बावीस जमत नसतील तर चार-पाच करून बाहेर पडा, रामेश्वर हजेरी घेत नाही. साधारण तास-दीड तास लागतो. जाड साडी किंवा जीन्स नको, भिजली की चार किलोची होते. बायकांना गडद रंगाचा सुती पंजाबी ड्रेस उत्तम.

ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडं सोडत नाहीत. म्हणून एकानं कोरड्या कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर थांबायचं. कपडे बदलायला जवळच पैसे देऊन खोल्या मिळतात. मग मुख्य दर्शन. आत लिंगं दोन आहेत. सीतेनं वाळूचं केलेलं रामलिंग आणि हनुमानानं उशिरा कैलासाहून आणलेलं विश्वलिंग. मारुतीचा हिरमोड होऊ नये म्हणून पूजेचा पहिला मान त्याच्या लिंगाला, असं रामानं ठरवून दिलं म्हणतात. मुख्य लिंगाची पूजा करण्याचा हक्क परंपरेनं शृंगेरी पीठाची दीक्षा घेतलेल्या, मूळच्या महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घराण्यांकडं आहे. तमिळ देशाच्या टोकाला, गाभाऱ्यातली माणसं आपल्या मुलखातून कधीकाळी गेलेली. आईंना हे सांगितल्यावर त्यांनी गडू पुढं करताना मराठीतच "जपून हं" म्हटलं. पलीकडून काय उत्तर आलं ते गर्दीत ऐकू आलं नाही.

दर्शन झाल्यावर बाहेरच्या प्राकारात बसा. रामनाडच्या सेतुपती राजांनी अठराव्या शतकात पूर्ण केलेला हा ओवऱ्यांचा चौक, १२१२ खांबांचा, जगातल्या सर्वांत लांब मंदिर-प्राकारांत मोजला जातो. एका टोकाला उभं राहिलं की खांब दोन्हीकडून जवळ जवळ येत शेवटी एका उजेडाच्या ठिपक्यात मिटतात. मागच्या वेळी मी याच प्राकारातून गाइडच्या छत्रीमागं पळत गेले होते. दुपारी एकच्या सुमारास देऊळ बंद होतं आणि तीननंतर उघडतं. तोवर तुमचं सगळं झालेलं असतं. जेवा, झोपा.

आता मुक्काम हलवा

संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी सामान उचलून पाण्याकाठी जा. ठिकाण निवडण्याआधी इथला समुद्र समजून घ्यायला हवा, कारण तो एक नाही, दोन आहेत.

बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात. पोथीत त्यांची नावं महोदधी आणि रत्नाकर. इथले कोळी मात्र उत्तरेच्याला 'पेण कडल' म्हणजे बाईसमुद्र आणि दक्षिणेच्याला 'आण कडल' म्हणजे पुरुषसमुद्र म्हणतात. एक शांत, एक उसळणारा. बायका शांत असतात हे कुणी ठरवलं, असा प्रश्न मी आमच्या रिक्षावाल्याला विचारला. तो म्हणाला, पाच वर्षांतून एकदा ती उठली की मग बघा. धनुष्कोडी बुडवणारं १९६४चं वादळ आठवून म्हणाला असेल.

उत्तरेकडं ओलैकुडाच्या बाजूला छोटी घरगुती निवासं आहेत. पाणी उथळ, लाटा नावापुरत्या, माडांपेक्षा ताडांची झाडं जास्त. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर हीच बाजू. दक्षिणेला पांबन-कुंदुकालकडं वारा आणि लाटा दोन्ही जास्त. तिकडं पतंग लावून पाण्यावर सरकायचा खेळ शिकायला देशभरातून तरुण येतात, त्यामुळे सोबत कॉलेजातली मुलं असतील तर त्यांचा वेळ तिकडं बरा जातो.

कोकणच्या माणसाला एक गोष्ट खटकेल. इथं भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नाही. ओहोटीला लांबच लांब पुळण उघडी पडेल आणि आपण संध्याकाळी पाय ओले करत चालत जाऊ, ही अपेक्षा ठेवू नका. समुद्र दिवसभर त्याच जागी बसून असतो. सुरुवातीला मला ते कंटाळवाणं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की आपणही सकाळपासून त्याच खुर्चीत आहोत.

खोली घेताना विचारा: पाणी गोडं येतं का? बेटावर गोड्या पाण्याची ओढ आहे, आणि अनेक ठिकाणी नळाला मचूळ पाणी येतं. त्या पाण्यात साबणाला फेस होत नाही आणि केसांचा झाडू होतो. पिण्यासाठी मोठी बाटली मागवून ठेवा. डासांची अगरबत्ती घरून न्या. संध्याकाळी वारा पडला की डास येतातच. रोख थोडी जवळ असू द्या, वीज गेली की ऑनलाइन पैसे देणंही जातं.

पोहण्याबद्दल: जीवरक्षक बहुतेक ठिकाणी नाहीत. उत्तरेला कमरेइतकं, दक्षिणेला गुडघ्याइतकं. आणि पाण्यात पायाखाली शिंपले, प्रवाळाचे तुकडे असतात, जुन्या चपला घालूनच उतरा.

धनुष्कोडीला अर्धा दिवस, पूर्ण मनानं

बेटाची शेपटी म्हणजे धनुष्कोडी. गावापासून अरिचलमुनैच्या टोकापर्यंत वीसेक किलोमीटर. २०१७पासून टोकापर्यंत पक्का रस्ता आहे, त्याआधी वाळूतून जीपनं आदळत जावं लागे. सरकारी बस जाते, रिक्षा जाते. दिवसाउजेडीच जाता येतं, संध्याकाळी पोलीस सगळ्यांना परत फिरवतात. तिथं राहायची सोय नाही. ज्यांनी 'धनुष्कोडीत समुद्राकाठी खोली' म्हणून आरक्षण केलं असेल त्यांनी पत्ता पुन्हा वाचावा.

एकेकाळी इथं रेल्वे स्टेशन, टपाल कचेरी, शाळा, चर्च, सगळं होतं. चेन्नईहून आलेली बोट मेल इथं थांबायची, प्रवासी आगबोटीत चढायचे आणि पलीकडं तलैमन्नारला श्रीलंकेची गाडी धरायचे. म्हणून तिचं ते नाव. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळात समुद्र गावावर चढला. पांबनहून आलेली पॅसेंजर गाडी स्टेशनच्या अलीकडं होती; ती आतल्या माणसांसकट गेली. पुलाचेही गाळे वाहून गेले, ते ई. श्रीधरन या तेव्हाच्या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पुन्हा उभे झाले. हेच पुढं आपल्या कोकण रेल्वेचे श्रीधरन. पूल वाचला, गाव मात्र सरकारनं राहण्याला अयोग्य ठरवलं. आज चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर आकाशाचं.

कोळी कुटुंबं तरीही राहतात. समुद्रापासून दहा पावलांवर वाळूत हातानं खड्डा करतात आणि त्यात गोडं पाणी येतं. ते त्यांच्या पिण्याचं आहे, त्यात हात-पाय धुऊ नका. हे लिहावं लागतंय, कारण धुणारे मी पाहिले आहेत.

सकाळी सातला निघा. वाटेत बाराएक किलोमीटरवर कोदंडरामाचं देऊळ लागतं. बिभीषण रामाला शरण आला ती जागा. १९६४च्या वादळातून वाचलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उथळ खाडी आहे, तिथं थंडीत रोहित पक्षी उतरतात. टोकाला सिंहमुद्रेचा खांब आहे, त्याच्यापुढं रस्ता संपतो आणि दोन समुद्र एकमेकांना भेटतात: एकीकडं सपाट हिरवट पाणी, दुसरीकडं फेसाळ निळं. इथं पाण्यात अजिबात उतरू नका. दिसायला अंगण, पण खाली ओढ आहे. पलीकडं तीसेक किलोमीटरच्या आत श्रीलंका. फोन कधीकधी तिकडचं नेटवर्क पकडतो, रोमिंग बंद ठेवा. सावली कुठंही नाही. टोपी, पाणी, आणि दहाच्या आत परत.

खाणं

देवळाजवळ गुजराती-मारवाडी पद्धतीची थाळी मिळते, पोळी हवीच असणाऱ्यांची सोय होते. पण सकाळचं पोंगल आणि दुपारचं केळीच्या पानावरचं जेवण सोडू नका. शेवटी ताकभात. 'पोदुम' म्हणून हात आडवा धरेपर्यंत वाढत राहतात, हे आईंनी पहिल्या दिवशी मोठ्या कष्टानं शिकून घेतलं.

मासे खाणाऱ्यांना धनुष्कोडीच्या वाटेवरच्या झोपड्यांत आणि पांबनला ताजा तळलेला मासा मिळतो. वंजरम म्हणजे आपली सुरमई, नंडू म्हणजे खेकडा. १५ एप्रिल ते १४ जून या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा मिळतं ते थोडं आणि महाग. आई घरी यात्रेनंतरचं मावंदं होईपर्यंत मासे खाणार नव्हत्या. मी खाल्ले. यात्रा त्यांची होती, मी फक्त गडू उचलायला गेले होते.

आणि ताड! बेटावर ताडांचीच सत्ता आहे. उन्हाळ्यात ताडगोळे, तिथं नुंगु म्हणतात. थंडीत ताडाच्या रोपांचे उकडलेले कोंब जुड्या बांधून विकतात, पनै-किळंगु; सोलून, तंतू काढून खायचे, चव शिंगाड्याच्या जवळची. घरी न्यायला करुपट्टी, म्हणजे ताडाचा काळा गूळ. कॉफीत घालतात. आमच्या घरी त्याच्या पुरणपोळ्या झाल्या आणि वाद झाला. ताडाच्या पानांच्या छोट्या पेट्याही न्या, पैसे थेट विणणाऱ्या बाईच्या हातात जातात. प्रवाळाचे तुकडे मात्र कितीही सुंदर दिसले तरी घेऊ नका, त्यांचा व्यापार बेकायदा आहे. दक्षिणेचं आखात म्हणजे २१ बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान, तिथूनच ते तोडून आणतात.

बघायचंच असेल तर

चार दिवसांत एखादी संध्याकाळ बाहेर पडावंसं वाटेल. गंधमादन टेकडीवर रामाची पावलं आहेत आणि गच्चीवरून सगळं बेट दिसतं, सूर्यास्ताला जा. विल्लुंडी तीर्थ म्हणजे समुद्रातच बांधलेली गोड्या पाण्याची विहीर, तिच्यापर्यंत छोटा पूल आहे. कुंदुकालला विवेकानंदांचं स्मारक: शिकागोहून परतल्यावर २६ जानेवारी १८९७ला ते इथं उतरले.

कलामांचं घर देवळापासून जवळच, मशिदीच्या गल्लीत आहे, आणि स्मारक पेइकरुंबूला. मला घर जास्त आवडलं. त्यांचे वडील होडीतून यात्रेकरूंना रामेश्वर ते धनुष्कोडी ने-आण करायचे. म्हणजे आपल्या पणजोबा-पणजींपैकी कुणी वाळू आणायला गेलं असेल, तर कदाचित त्याच होडीतून. हे मी आईंना सांगितलं. त्यांनी पणजीचं साल आठवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग म्हणाल्या, "असेल की."

निघताना

वाळू शेवटच्या दिवसावर टाकू नका. धनुष्कोडीला जाल तेव्हाच मूठभर घ्या, कोरडी घ्या. ओली नेली तर डब्यात कुबट वास धरते. त्यासाठी छोटी कापडी पुरचुंडी घरून शिवून न्या. काळ्या दोऱ्यानं बांधलेल्या तयार पुड्या देवळासमोर मिळतात, पण ती वाळू कुठली ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

खोली सोडण्याच्या सकाळी पुन्हा एकदा अग्नितीर्थावर जा, या वेळी स्नानाला नाही, नुसतं. सहाच्या आत पोचलात तर पायरीवर बसायला जागा मिळते. फिल्टर कॉफी मागच्या गल्लीत, पितळी वाटी-पेल्यात.

आमची पुरचुंडी आता देवघरात गडूच्या रिकाम्या जागेवर आहे. प्रयागची तिकिटं फेब्रुवारीची काढली आहेत. आईंनी परवाच विचारलं, तिथंही तीन रात्री राहायचं ना?